शेरीनाल्याचा फेज, पेशीचा मार्का: विषाणू अडवणारी कात्री कॉलेजच्या लॅबमध्ये कशी मोजावी

पेशीच्या अंगभूत प्रतिकाराचा धडा बहुतेक वेळा फळ्यावरच संपतो. इंटरफेरॉन, म्हणजे शेजारच्या पेशींना विषाणूबद्दल सावध करणारं प्रथिन, दाखवायचं तर प्राणिपेशींचं कल्चर हवं, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर हवा. सांगली-साताऱ्याकडच्या प्रत्येक कॉलेजात तो असतोच असं नाही. पण जिवाणूपेशी आत शिरलेल्या विषाणूची वाढ कशी थांबवते, हे साध्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आकड्यांनी दाखवता येतं. त्यासाठी ई. कोलाय या जिवाणूचे दोन स्ट्रेन (वाण), एक फेज म्हणजे जिवाणूत वाढणारा विषाणू, पन्नासेक प्लेट आणि एक आठवडा पुरतो.

हा प्रयोग करणारे बरेच जण पहिल्या फेरीला थांबतात, तिथे चुकतं. पहिली फेरी एवढंच सांगते की एका होस्टवर, म्हणजे फेज ज्यात वाढतो त्या जिवाणूवर, प्लाक कमी आले. प्लाक म्हणजे फेजने जिवाणू फोडल्यामुळे त्यांच्या थरात पडलेली मोकळी जागा. ते का कमी आले, हे दुसरी आणि तिसरी फेरी सांगते. वेळ कमी असेल तर प्लेटच्या जोड्या कमी करा, फेऱ्या कमी करू नका.

आत काय घडतं

ई. कोलायच्या के-१२ या वंशाकडे इको-के-वन नावाचं एन्झाइम असतं. आपली कात्री ती हीच. ते डीएनएवर एक ठरावीक मजकूर शोधतं: ए-ए-सी, मग कुठलीही सहा अक्षरं, मग जी-टी-जी-सी. पेशीच्या स्वतःच्या डीएनएत या जागांवरच्या ॲडेनीनला मिथाइल गट लावलेला असतो. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर मार्का असतो, तसाच हा. दोन्ही धाग्यांवर मार्का असेल तर एन्झाइम पुढे जातं. एकाच धाग्यावर असेल, म्हणजे डीएनएची नुकतीच प्रत निघालेली असेल, तर ते दुसऱ्या धाग्यावर मार्का मारून देतं. कुठेच नसेल तर डीएनए दोन्ही बाजूंनी स्वतःकडे ओढत राहतं आणि मूळ जागेपासून बऱ्याच अंतरावर कापतं. उरलेले तुकडे पेशीतली दुसरी एन्झाइमं खातात. लॅम्डा फेजचा डीएनए ४८,५०२ बेसजोड्यांचा आहे आणि त्यात इको-के-वनच्या ५ जागा आहेत.

लुरिया आणि ह्यूमन यांनी १९५२ मध्ये आणि बर्तानी आणि वायगल यांनी १९५३ मध्ये हा चमत्कारिक प्रकार टिपला: फेज शेवटी कुठल्या होस्टमध्ये वाढला, यावर तो पुढे कुठे वाढेल हे ठरतं. त्यामागे डीएनएवरची खूण आहे, हे वेर्नर आर्बर यांच्या कामातून १९६२ मध्ये पुढे आलं. १९७८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

स्ट्रेन निवडताना

निम्मे प्रयोग इथेच फसतात. कात्री असलेला होस्ट म्हणून एमजी१६५५ घ्या. तो के-१२ च आहे, पण त्यातला जुना लॅम्डा काढून टाकलेला आहे. के-१२ च्या मूळ वंशाच्या जीनोममध्ये लॅम्डा झोपलेला असतो आणि तो स्वतःच बाहेरच्या लॅम्डाला रोखतो. तसा स्ट्रेन घेतलात तर तुम्ही भलतीच गोष्ट मोजाल.

दुसरा होस्ट असा हवा ज्याच्याकडे कात्रीही नाही आणि मार्काही नाही. एचबी१०१ तसा आहे. इथे लोक हाताशी आहे म्हणून डीएच५अल्फा वापरतात आणि मग दोन्हीकडे सारखेच प्लाक का आले म्हणून डोकं धरून बसतात. डीएच५अल्फाची कात्री मोडलेली असली तरी मार्का मारण्याचं काम चालू असतं. त्यात वाढलेला प्रत्येक फेज के-१२ चा मार्का घेऊनच बाहेर पडतो.

दोन्ही कल्चर दिसायला सारखी, म्हणून अदलाबदल आधीच तपासा. मॅक्कॉन्की अगारवर एमजी१६५५ गुलाबी येतो आणि एचबी१०१ रंगहीन. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर फक्त एचबी१०१ वाढतो. दोन प्लेटचं काम आहे, पण पुढचे चार दिवस वाचतात.

फेज लॅम्डा-व्हीर घ्या, म्हणजे पेशीत झोपून न राहणारा लॅम्डा. साधा लॅम्डा गढूळ प्लाक देतो आणि ते मोजताना भांडणं होतात. व्हीरचे प्लाक स्वच्छ असतात. विद्यापीठाच्या विभागाकडे किंवा चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या कल्चर संग्रहाकडे चौकशी करा. मागवताना तो फेज शेवटी कुठल्या होस्टमध्ये वाढवला होता, हे नक्की विचारा. तुलनेसाठी (कंट्रोल) टी४ हा दुसरा फेज मिळाला तर उत्तम.

माध्यमं

एलबी: १ लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. खालच्या थरासाठी अगार १५ ग्रॅम, वरच्या सॉफ्ट अगारसाठी ७ ग्रॅम. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह.

फेज ठेवायला एसएम बफर: १ लिटरला मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम, साडेसात पीएचचं १ मोलर ट्रिस ५० मिली आणि २ टक्के जिलेटिन ५ मिली. मॅग्नेशियम विसरू नका. त्याशिवाय लॅम्डाचं कवच टिकत नाही. ग्लासवेअरवर मॅग्नेशियम ओढून घेणारा इडीटीए राहिला असेल तर टायटर, म्हणजे मिलीतल्या जिवंत फेजचा आकडा, रातोरात कोसळतं.

होस्ट वाढवताना १०० मिली ब्रॉथमध्ये २० टक्के माल्टोजचं गाळून निर्जंतुक केलेलं द्रावण १ मिली आणि १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली घाला. माल्टोज हवाच. लॅम्डा ज्या दारातून आत येतो ते प्रथिन पेशी माल्टोज पोटात घेण्यासाठी बनवते. माल्टोजऐवजी ग्लुकोज पडला तर ती दारंच कमी होतात आणि प्लाक कमी आल्याचं खापर तुम्ही कात्रीवर फोडाल.

प्लेटमध्ये २० ते २५ मिली अगार ओता आणि झाकण किंचित उघडं ठेवून नीट सुकवा. मार्च-एप्रिलच्या सांगलीत हे पटकन होतं. जुलैत, विशेषतः पाटण-महाबळेश्वरकडे, प्लेटला घाम सुटलेला असतो आणि वरचा थर सरकतो. अशा वेळी प्लेट आदल्या दिवशी ओतून रात्रभर ३७ अंशांत उलट्या ठेवा.

आधी मार्का धुऊन काढा

मागवलेला लॅम्डा बहुधा के-१२ च्याच कुठल्या तरी स्ट्रेनमध्ये वाढलेला असतो, म्हणजे त्यावर मार्का असतो. तसाच वापरलात तर एमजी१६५५ त्याला अडवणार नाही. म्हणून तो आधी एचबी१०१ वर घाला, सुटा प्लाक उचला, पुन्हा एचबी१०१ वर घाला. दुसऱ्या वेळी प्लाक एकमेकांना भिडतील इतका फेज घ्या, साधारण १ लाख. एचबी१०१ सावकाश वाढतो, त्याला रात्रभर द्या. सकाळी प्लेटवर ५ मिली एसएम ओता, फ्रिजमध्ये २ ते ४ तास ठेवा, मग द्रव काढून घ्या. त्यात ०.१ मिली क्लोरोफॉर्म घालून हलवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा भाग काचेच्या बाटलीत भरा. क्लोरोफॉर्मला पॉलिस्टायरीनची नळी चालत नाही, ती विरघळून गढूळ होते. खालचा क्लोरोफॉर्म पिपेटमधून पुढे आला तर प्लेटवर तेवढी जागा मोकळी होते आणि ती प्लाकसारखी दिसते.

बाटलीवर लिहा: लॅम्डा·एचबी. ठिपक्यानंतर शेवटच्या होस्टचं नाव.

पहिली फेरी

दोन्ही होस्ट रात्रभर वाढवून सेंट्रिफ्यूज करा आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ ते १ येईल इतके पातळ करा. फ्रिजमध्ये ते दोन दिवस चालतात.

आठ नळ्यांत ०.९ मिली एसएम घ्या. पहिल्या नळीत ०.१ मिली फेज, तिच्यातून दुसऱ्या नळीत ०.१ मिली, असं आठव्यापर्यंत. प्रत्येक वेळी टीप बदला. सहावी नळी म्हणजे १० लाख पट विरळ. एचबी१०१ साठी पाचवी, सहावी, सातवी नळी घ्या आणि एमजी१६५५ साठी पहिली, दुसरी, तिसरी. एमजी१६५५ वर सहावी नळीही घाला. ती कोरी दिसली की विद्यार्थ्यांना आकडा कळायच्या आधी डोळ्यांना फरक कळतो.

०.१ मिली फेज आणि ०.२ मिली जिवाणू एकत्र करून ३७ अंशांत २० मिनिटं ठेवा. मग ४५ ते ४७ अंशांवर वितळलेला ३ मिली सॉफ्ट अगार घाला, हातात दोनदा गोल फिरवा आणि लगेच ओता. हलवताना बुडबुडे आले तर ते प्लाकमध्ये मोजले जातात. नळी गालाला लावून बघायची सवय काहींना असते, ती मोडा. वॉटर बाथमध्ये थर्मामीटर ठेवा. तापमान ५० च्या वर गेलं तर पेशी मरतात, आणि मेल्या नाहीत तरी उष्णतेच्या धक्क्याने कात्री काही काळ बोथट होते. लॅमिनार कपाटाचा यूव्ही दिवा चालू असताना कल्चर आत राहिलं तरी तेच होतं. स्वतःचा डीएनए दुखावला की पेशी कात्री मागे घेते, कारण दुरुस्तीत तयार होणारा नवा डीएनए बिनमार्क्याचा असू शकतो आणि घरचाच माल कापला जायचा.

एक प्लेट नुसत्या होस्टची आणि एक होस्ट अधिक एसएमची ठेवा. दोन्हींवर एकही प्लाक नसलेला जिवाणूंचा सलग थर (लॉन) दिसला पाहिजे.

३० ते ३०० प्लाक असलेल्या प्लेटच मोजा. उदाहरणार्थ, एचबी१०१ वर सहाव्या नळीतून १२० प्लाक आले. १२० गुणिले १० गुणिले १० लाख, म्हणजे मिलीला १२० कोटी. एमजी१६५५ वर दुसऱ्या नळीतून २४० आले. २४० गुणिले १० गुणिले १००, म्हणजे २ लाख ४० हजार. पाच हजारांत एक निभावला. लॅम्डाच्या बाबतीत अपेक्षा याच्या आसपासचीच असते.

पहिल्या नळीच्या प्लेटवर सगळं मोकळं दिसलं तर दचकू नका. एका पेशीवर बरेच फेज एकदम पडले की एन्झाइम पुरं पडत नाही आणि कात्री असूनही पेशी फुटते. म्हणून न विरळलेला फेज प्लेटवर घालूच नका.

दुसरी आणि तिसरी फेरी

आता विचारा: निभावलेले फेज बदललेले आहेत, की फक्त मार्का मिळवून गेले आहेत? विद्यार्थी हमखास म्यूटेशन म्हणतात. त्यांना लगेच दुरुस्त करू नका, प्लेट बोलू द्या.

एमजी१६५५ वरचा एक सुटा प्लाक उचला. तो दुसऱ्या नळीच्या गर्दीतून घेऊ नका. तिथे न फुटलेल्या पेशींना चिकटलेले जुने फेज आजूबाजूला पडलेले असतात. तिसऱ्या नळीच्या प्लेटवर वीस-पंचवीसच प्लाक असतील, त्यांतला एकटा पडलेला घ्या. निर्जंतुक पाश्चर पिपेटने अगारसकट टोचून १ मिली एसएममध्ये सोडा, क्लोरोफॉर्मचा एक थेंब टाका आणि तासभर ठेवा. अशा प्लाकमधून १ लाखापासून १ कोटीपर्यंत फेज मिळतात. नळीवर लिहा: लॅम्डा·के.

याचं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नळीचं डायल्युशन दोन्ही होस्टवर सारखंच घाला. आता दोन्हीकडे जवळजवळ सारखे प्लाक येतील. शंभराच्या आसपास मोजताना वीसेक इकडे-तिकडे होणं ही नुसत्या मोजणीची खळखळ आहे, त्यात अर्थ शोधू नका.

मग एचबी१०१ च्या प्लेटवरून एक प्लाक उचला आणि तो पुन्हा दोन्हीवर घाला. एमजी१६५५ वरचा आकडा परत पाच हजारांत एकावर कोसळतो. म्यूटेशन असतं तर एका फेरीत ते पुसलं गेलं नसतं. एचबी१०१ मध्ये मार्का मारणारं कोणी नाही, म्हणून नव्या प्रती कोऱ्या निघतात, आणि जुने मार्का असलेले धागे शेकड्यांच्या पिलावळीत एखाद-दुसऱ्याच्याच वाट्याला येतात. तीन फेऱ्यांचे आकडे एका ओळीत लिहिले की वर्ग गप्प होतो.

एक शंका उरते: एमजी१६५५ ला फेज चिकटतच नसेल तर? ०.९ मिली होस्ट आणि ०.१ मिली फेज ३७ अंशांत १० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवातला मोकळा फेज एचबी१०१ वर मोजा. तो दोन्ही होस्टांनी सारखाच कमी केला असेल, तर फेज आत जातो आणि आत अडतो. हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असलंच पाहिजे. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारील आणि तो रास्त असेल.

टी४ दोन्ही होस्टांवर सारखाच उगवतो. त्याच्या डीएनएत साध्या सायटोसिनऐवजी साखर चढवलेला बदललेला सायटोसिन असतो, त्यामुळे कात्रीला पकड मिळत नाही. टी७ ची तऱ्हा वेगळी: तो आत शिरताच ओसीआर नावाचं प्रथिन बनवतो, त्याचा आकार आणि विद्युतभार डीएनएसारखा असतो आणि एन्झाइम त्यालाच धरून बसतं.

आपल्या पेशीत हेच कसं

कात्री तीच नाही, पण आपलं-परकं ओळखण्याचा प्रश्न तोच आहे. आपल्या पेशीत आरएनएच्या टोकाला टोपी असते आणि तिच्या शेजारी मिथाइलची खूण. रिग-वन हे प्रथिन टोपी नसलेलं, तीन फॉस्फेटांचं उघडं टोक असलेलं दुपदरी आरएनए पकडतं. सी-गॅस हे दुसरं प्रथिन डीएनएच्या मजकुराकडे बघत नाही, डीएनए केंद्रकाबाहेर पेशीद्रवात सापडला एवढंच त्याला पुरतं. दोघांचा सांगावा शेवटी इंटरफेरॉनपर्यंत पोचतो. इंटरफेरॉन १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी दाखवलं. ते विषाणूला स्वतः मारत नाही, शेजारच्या पेशींना सावध करतं. सावध पेशीत विषाणूचं दुपदरी आरएनए दिसलं की पीकेआर नावाचं एन्झाइम प्रथिननिर्मिती थांबवतं आणि आरनेज-एल हे एन्झाइम आरएनए चिरतं. त्यात पेशीचं स्वतःचंही कापलं जातं. विषाणूला प्रती काढता येऊ नयेत यासाठी पेशी एवढी किंमत मोजते.

लॅम्डाने के-१२ चा मार्का मिळवला, तसंच आपल्याकडेही चालतं. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपल्याच आरएनएच्या टोप्या कापून स्वतःच्या आरएनएला लावतो. कोरोनाचा विषाणू तर टोपीशेजारची मिथाइलची खूण करणारं एन्झाइम बरोबर घेऊन येतो. तिसऱ्या फेरीनंतर ही दोन उदाहरणं सांगा. आधी सांगितली तर नुसती पाठ होतात.

कृष्णेकाठचा फेज

लॅम्डा जमला की बाहेरचा फेज घ्या. सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेला मिळतं, तिथे ई. कोलायचे फेज शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि विरळ असतं, आणि पुराच्या दिवसांत विद्यार्थ्यांना काठावर पाठवायचंच नाही. दोरीच्या बादलीने ५० मिली घ्या, हातमोजे घाला, पाण्यात पाय घालू नका.

पाणी गाळून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. ४५ मिली गाळलेलं पाणी, दहापट दाट एलबी ५ मिली, वाढत्या अवस्थेतला एचबी१०१ १ मिली आणि १ मोलर कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिली रात्रभर ३७ अंशांत ठेवा. इथे एमजी१६५५ वापरलात तर हाती येणारे सगळे फेज मार्का घेतलेले असतील आणि फरक कधीच दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म घालून साफ करा आणि एचबी१०१ वर प्लाक काढा. क्लोरोफॉर्मने काही फेज मरतात, म्हणून थोडं नुसतं गाळूनही ठेवा.

वेगवेगळ्या आकाराचे दहा प्लाक उचला, प्रत्येक दोनदा शुद्ध करा आणि दोन्ही होस्टांवर टायटर काढा. काही दोन्हीकडे सारखेच येतील. त्यांच्यात एन्झाइमच्या जागाच नसतील किंवा टी४-टी७ सारखी ढाल असेल. काही एमजी१६५५ ला चिकटतच नसतील, त्यांना वरची चिकटण्याची चाचणी वेगळं काढते. ज्याचा आकडा पडतो आणि मार्का मिळाल्यावर परत चढतो, त्याच्यावर पुढचं प्रोजेक्ट उभं राहू शकतं.

काम संपलं की प्लेट आणि नळ्या ऑटोक्लेव्ह करा. टेबल १ टक्का हायपोक्लोराइटने पुसा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. नुसत्या अल्कोहोलवर विसंबू नका. फेज एकदा इन्क्युबेटरमध्ये पसरला की पुढच्या बॅचची ई. कोलायची कल्चर रात्रीत साफ होतात. ठेवायचे फेज एसएममध्ये, काचेच्या बाटलीत, ४ अंशांवर महिनोनमहिने टिकतात. लेबलवर तारीख, कुठलं पाणी, आणि ठिपक्यानंतर शेवटचा होस्ट.